हवा बसलेली पहाट

दुर्बीण घरी आली त्या रात्री मला पहिल्यांदा दिसली ती हवा. गुरू ग्रह पाहायचा म्हणून डोळा लावला, तर समोर तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं काहीतरी थरथरत, फुगत, आकसत होतं. मी आरसा तपासला, स्क्रू आवळले आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, 'साहेब, दुर्बीण चांगली आहे. तुमच्याकडची हवा हलते आहे.' मला वाटलं, हा मला बनवतो आहे. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून मी एकतीस वर्षं काढली. भिंगं, आरसे, प्रिझम सगळे माझ्या हाताखालून गेलेले. प्राध्यापकांना जुळत नसलेले प्रयोग मी डबा खाता खाता जुळवून द्यायचो. त्या मला हा हवेचं कारण सांगणार!

पण तो खरं बोलत होता. हे कळायला मला दोन महिने लागले, कारण चूक कबूल करायला मला साधारण तेवढा वेळ लागतोच. बायको तर म्हणायची की दोन महिने म्हणजे लवकरच झालं.

ग्रहाचा उजेड कुठून कुठून येतो. वाटेत त्याला काही होत नाही, आणि शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये आपली हवा त्याची माती करते. गरम हवा उजेडाला थोडी वेगळी वाकवते, थंड हवा थोडी वेगळी, आणि दोन्हींचे गोळे एकमेकांत मिसळत आपल्या डोक्यावरून वाहत असतात. वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेला खडा पाहावा, तशी ती प्रतिमा क्षणात फाटते, क्षणात जुळते. तारे लुकलुकतात तेही याचमुळे. लोकांना ते फार सुंदर वाटतं. ग्रहांचे बारीक तपशिलाचे फोटो काढणाऱ्या माणसाला मात्र लुकलुकणारा तारा दिसला की संताप येतो. आरसा आठ इंची घ्या नाहीतर अठरा इंची, हवा उभी राहिली नाही तर सगळं पाण्यात.

वरचे वारे माझ्या हातात नव्हते. खालचं जे हातात होतं त्याच्या मागे मी हात धुऊन लागलो. सिंदी मेघेतलं आमचं घर साधं, वर उघडा स्लॅब, दुर्बीण त्यावरच. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रभर गरम हवा सोडतो, म्हणून मी त्याला चुना मारला. संध्याकाळी बादल्या नेऊन त्यावर पाणी मारायला लागलो. आरसा थंड व्हावा म्हणून त्याच्या मागे छोटा पंखा बसवला. मग घरासाठी नियम केले. मी वर असताना स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा लावायचा नाही, कारण त्याची गरम हवा थेट दुर्बिणीसमोरून वर जाते. पहाटे गॅस पेटवायचा नाही. चहा आधीच करून थर्मासमध्ये भरायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम जिन्याचा. आमचा जिना बाहेरून आहे, लोखंडी, आणि वरून स्लॅबला वेल्डिंग करून पक्का केलेला. खालच्या पायरीवर कोणी पाय ठेवला तरी वर दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर गुरू उड्या मारायचा. म्हणून कॅमेरा चालू असला की जिना चढायचा नाही. चहाचा थर्मास खालच्या पायरीवर हळूच टेकवायचा आणि जायचं.

हे नियम पाळायला घरात माणूस एकच होतं. मुलगी नागपूरला, तिच्या संसारात. राहिली बायको. ती अंगणवाडीत सेविका होती. दिवसभर तीस लेकरांना नियम शिकवून घरी यायची आणि माझे नियम पाळायची. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

तिला दमा होता. माहेर हिंगणीचं, जंगलाच्या कडेचं. लहानपणापासून ओल्या लाकडाची चूल फुंकत मोठी झालेली. एका डॉक्टरांनी तिचा एक्स-रे पाहून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, या बिडी ओढतात का? आयुष्यात कधी सुपारीचं खांड तोंडात न टाकलेली बाई! मी ते तिला सांगितलं तर ती खोकत खोकत हसली. 'सांगा त्यायले, माह्या मायनं पाजली म्हणा बिडी, चुलीतून.' तिच्या पर्समध्ये एक पंप, उशीखाली एक पंप, आणि समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारच्या कपाटात वाफ घ्यायचं मशीन. सकाळी वंदना म्हणताना तिचा श्वास मधेच तुटायचा. ती थांबायची, श्वास गोळा करायची आणि तुटलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायची. मला इतकी वर्षं ते ऐकून ती वंदना तशीच आहे असं वाटायला लागलं होतं.

आम्हा ग्रहांचे फोटो काढणाऱ्यांची एक युक्ती आहे. फोटो न काढता व्हिडिओ काढायचा, दोन-दोन मिनिटांचा. त्यात हजारो चित्रं येतात. हवा कितीही उकळत असली तरी मधेच एखाद्या क्षणी ती थांबते, आणि तेवढं एक चित्र स्वच्छ निघतं. अशी चांगली चांगली चित्रं संगणकाकडून वेचून घ्यायची, एकावर एक रचायची आणि बाकीची फेकून द्यायची. तांदूळ निवडण्यासारखंच काम आहे. एकदा ती माझ्या मागे उभी राहून बघत होती.

'एवढे काढता अन् एवढे फेकता? मंग काढता काऊन?'

'चांगला क्षण कधी येईन ते सांगता येत नाई ना. म्हणून सगळेच पकडाचे.'

'असं,' ती म्हणाली. 'मले वाटलं फक्त सरकारी कामच असं असते.'

आमच्या मंडळींत हवेच्या या स्थिरपणाला इंग्रजीतून आलेला एक शब्द आहे, सीइंग. आमच्या घरात तो चालला नाही. तिचा शब्द होता 'बसली'. 'आज बसली का हवा तुमची?' असं विचारायची, जशी काही हवा म्हणजे खुडूक कोंबडी आणि मी पिल्लांची वाट बघत बसलेला. मीही मग वहीत तसंच लिहायला लागलो. तारीख, वेळ, दहापैकी किती गुण, आणि पुढे शेरा. बसली. नाही बसली. अर्धवट बसली.

गुण देण्यात मी फार कंजूष. दोन हिवाळे गेले आणि माझ्या वहीत सहाच्या वर आकडा नव्हता. स्लॅबलाच दोष द्यायला लागलो आणि ठरवलं, टेकडीवर जायचं. माझं गाव समुद्रपूर तालुक्यातलं, गिरडपासून जवळ. चुलतभावाचं घर टेकडीच्या पायथ्याशीच. फेब्रुवारीत दोन दिवस सुटी जोडून आली तेव्हा दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या गाडीत घातली, बायकोला शेजारी बसवलं आणि गेलो. संध्याकाळी टेकडीवरच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, जरा उतारावर, दुर्बीण लावली. दिवस मावळला होता, गुरू जवळजवळ डोक्यावर होता, आकाश काचेसारखं. आणि पडद्यावर पाहतो तर सगळं उकळतं आहे. दिवसभर तापलेले दगड, आणि खालून उतारावरून वर चढणारा वारा. तास झाला, दीड तास झाला. मी त्या वाऱ्याला, टेकडीला आणि तिथे यायची बुद्धी देणाऱ्या स्वतःला शिव्या घालत बसलो होतो.

ती एका दगडावर पदर खोचून बसली होती, वाऱ्याला तोंड करून. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'पाह्यलं का तुम्ही? दुपारपासून पंप नाई घेतला मी.'

मी हं म्हणालो.

'चढून आली तरी काई झालं नाई. इथं मले लय मोकळं वाटून राह्यलं. राहू ना अजून दोन दिवस. मी फोन करून सांगतो मदतनीसबाईले, ती सांभाळन लेकरं.'

'इथं राहून काय करू? इथली हवा बेकार आहे,' मी म्हणालो आणि वायरी गुंडाळायला लागलो.

ती उठली आणि मला वायरी गुंडाळायला मदत केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही परत आलो. गाडीत मी तिला वाऱ्याचं आणि उताराचं शास्त्र समजावून सांगितलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर मला खरी गोष्ट सापडली, म्हणजे सापडली असं तेव्हा वाटलं. स्वच्छ, तारे चमचमणारं आकाश ग्रहांच्या फोटोला काही कामाचं नाही. उलट नोव्हेंबरात, सोयाबीन निघून गेलेलं असतं, वावरात कचरा-काडी जाळतात, वस्तीत जागोजागी शेकोट्या पेटतात, आणि पहाटे एक धुरकट पडदा घरांच्या उंचीवर लोंबकळत राहतो, तेव्हा हवा बसते. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वरती उबदार हवेचं झाकण बसतं. खालची हवा वर जाऊ शकत नाही, वरची खाली येत नाही. आकाश मळकट दिसतं, तारे मोजकेच, पण त्या मळक्या आकाशात गुरू छापल्यासारखा उभा असतो. त्याच्या पट्ट्यांमधल्या गाठीसुद्धा मोजता येतात. माझ्या वहीत पहिल्यांदा सात आला, मग पुन्हा सात, मग साडेसात. शेऱ्यात मी लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात: 'धूर पुष्कळ. हवा उत्तम.'

त्या झाकणाची आकृती आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेली होती. तिचा खिळा मी ठोकलेला. धूर त्या झाकणाखाली कसा अडकून राहतो हे बाणांनी दाखवलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. धूर अडकतो हे मला ठाऊक होतं, हवा बसते हे मला ठाऊक होतं, आणि खाली खोलीत एक बाई हाच धूर आत घेते आहे, हे त्या दोन्हींच्या शेजारी नेऊन मी कधी ठेवलं नाही.

आणखी एक गोष्ट होती आणि तिची मला तेव्हा मजा वाटायची. हवेचा अंदाज सांगणारी दोन अ‍ॅप मी फोनवर घेतली होती. ती दोन्ही चुकायची. बायकोचा अंदाज चुकत नसे. पहाटे चारला मी उठायचो आणि ती अंधारात, खिडकी न उघडता, अंथरुणातूनच सांगायची, 'आज बसली हवा. जा.' किंवा, 'झोपा. वारा आहे.' मी वर जाऊन पाहायचो तर तसंच. मी आमच्या मंडळींच्या ग्रुपवर कौतुकानं लिहिलंही होतं की माझ्या घरी बसल्या जागी हवा सांगणारं यंत्र आहे. तुला कळतं कसं, हे मात्र मी तिला विचारलं नाही.

ती गेल्यावर कॅलेंडर काढताना ते कळलं. ज्या पहाटे तिला वाफ घ्यावी लागे, त्या तारखेच्या कोपऱ्यात ती बॉलपेननं एक ठिपका देत असे, डॉक्टरांना दाखवायला. मुलगी ते पान हातात धरून उभी होती. मी वही आणली. कशासाठी आणली, मला सांगता येणार नाही; हात आपोआप गेला. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. माझ्या सात-साडेसातच्या प्रत्येक तारखेला तिचा ठिपका होता. मुलीनं कॅलेंडरची गुंडाळी केली आणि स्वतःच्या बॅगेत ठेवली. मी मागितली नाही. हवा बसली की ती आधी तिच्या छातीवर बसायची, आणि ती मला सांगायची, जा.

आता त्या पहाटेबद्दल.

नोव्हेंबरच होता. रात्रभर ती उशा पाठीशी लावून बसूनच होती. आडवं झालं की जास्त व्हायचं. पण असं आठवड्यातून दोनदा होत होतं आणि मी त्याला सरावलो होतो. माणूस कशालाही सरावतो, दुसऱ्याच्या दुखण्याला तर फारच लवकर. चारला उठून मी विचारलं, 'कसं वाटते?'

'राह्यते असंच. वाफ घेतो मी थोड्या वेळानं.' मग जरा थांबून, 'बसली दिसते आज. लयच बसली. जा तुम्ही.'

मी गेलो. फोन खालीच चार्जिंगला होता, नेहमीसारखा. वर गेल्यावर पहिल्याच नजरेत माझ्या अंगावर काटा आला. वाऱ्याचं नाव नाही. पलीकडच्या वस्तीतला धूर एका रेषेत आडवा, जागच्या जागी. आणि पडद्यावर गुरू. तसा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहणार नाही. पट्ट्यांच्या कडेची वेटोळी, तांबडा डाग आणि त्याच्या आतलीही फिरकी, आणि डावीकडे त्याच्या एका चंद्राची सावली, सुईनं टोचल्यासारखी काळी आणि गोल. काही हलत नव्हतं. मी एकामागून एक व्हिडिओ घेत गेलो. तेवढाच वेळ वाचावा म्हणून माऊस सोडून कळफलकावरूनच काम करत होतो. उजाडायच्या आत जेवढं मिळेल तेवढं, एवढंच डोक्यात होतं.

साडेपाचच्या सुमाराला पडद्यावर गुरू एकदम उडाला. एक मोठा धक्का, मग एक लहान. जिन्यावर कोणी पाय ठेवला होता. चहा असणार. मी वळलोसुद्धा नाही. खेकसलो, 'थांब! चालू आहे!'

गुरू पुन्हा स्थिर झाला. तो धक्का त्या फाइलमध्ये आहे. त्याच्या पुढे मी चौदा व्हिडिओ घेतलेत, आणि त्यांच्यात केसाइतकाही धक्का नाही.

फटफटीत उजाडलं, गुरू फिका पडला, तेव्हा मी कॅमेरा बंद केला. चहाची आठवण झाली. खाली उतरायला लागलो आणि वरच्या पायरीवरूनच ती दिसली. खालून दुसऱ्या पायरीवर बसली होती, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानापर्यंत वर चढलेले. अंगावर फक्त साडी आणि पातळ शाल. मुठीत पंप. थर्मास नव्हता, ती चहा घेऊन आलेलीच नव्हती. वाफ घेऊन आराम पडला नाही म्हणून मला बोलवायला बाहेर आली होती. हाक मारायला छातीत हवा नव्हती म्हणून पायरी चढायला निघाली होती. आणि मी थांब म्हणालो म्हणून थांबली होती. त्या धुरात, अर्धा तास. तिनं कठड्याला हातही लावला नव्हता. पुढे आलेली मान, आणि ओठ जांभळाच्या रंगाचे. मला पाहून तिनं भुवयांनी विचारलं, झालं?

मी त्या चौदा व्हिडिओंचा वेळ पुन्हा पुन्हा मनात चालवून पाहतो. एकदा तरी मी वळून पाहतो का, म्हणून. नाही पाहत.

शेजाऱ्यांची गाडी, दवाखाना, ऑक्सिजन, अतिदक्षता विभाग. गाडीत तिचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका गार होता की मी तो दोन्ही हातांनी चोळत राहिलो. दुपारी मुलगी नागपूरहून आली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'बाबा, आईनं जिना हलवला काऊन नाई? दहा वेळा हलवला असता तर तुम्ही खाली आले असते ना?' मी म्हणालो, आलो असतो. आणि मला ते खरंच वाटत नव्हतं. मी दहा वेळा ओरडलो असतो, हेच मला जास्त शक्य दिसत होतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. ते हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, 'असं सांगता येत नाही काका.' आमच्यासारख्या नोकरीतल्या माणसाला कळतं, कोण कधी कागदाकडे बघून बोलतो ते.

चौथ्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. तोंडावर मास्क होता, पण डोळे ताजे होते. भेटीच्या वेळेला मी आत गेलो तर तिनं मास्क बोटानं थोडा बाजूला केला. मी नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही. अंगणवाडीतल्या भिंतीवर लावायला एक मोठा गुरू द्या, असं ती दोन वर्षं मागत होती आणि मी दर वेळी म्हणत होतो, अजून तसा आला नाही. त्यामुळे ती विचारणार हे मला कळायला हवं होतं. मी दुसऱ्याच गोष्टीची भीती धरून गेलो होतो. ती म्हणेल, तुम्ही वळून पाह्यलं नाई. म्हणायला हवं होतं.

'आला का गुरू?' तिनं विचारलं. 'चांगला?'

काय झालं मला? चारच दिवसांपूर्वी मी आयुष्यातलं सगळ्यांत स्वच्छ चित्र पकडलं होतं. पण तिच्या त्या तोंडाकडे, नाकाच्या दोन्ही बाजूंना मास्कचे वळ उठलेल्या चेहऱ्याकडे पाहून, हो, फार सुंदर आला, हे शब्द माझ्याच्यानं उच्चारवेनात. मला लाज वाटली. तू गुदमरत होतीस आणि मी वर सुखात होतो, असं कसं सांगायचं? मला वाटलं, काहीच मिळालं नाही म्हटलं तर मी थोडा कमी गुन्हेगार ठरेन. तिला बरं वाटावं म्हणून मी बोललो नाही. मी स्वतःसाठी बोललो.

'नाई,' मी म्हणालो. 'हवा खराब होती.'

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आश्चर्य वाटलं असणार. त्या दिवशी लयच बसली, हे तिनंच सांगितलं होतं आणि तिचा अंदाज कधी चुकत नसे. पण माझ्या विषयातलं माझ्या शब्दाबाहेर काही असू शकतं, असं तिला वाटत नव्हतं. तिच्या डोळ्यांत हळूहळू पाणी आलं.

'मंग उगाच बसली मी तिथं,' ती म्हणाली आणि मास्क परत तोंडावर ओढून घेतला.

मी तोंड उघडलं. खरं सांगणारच होतो. पण आता खरं सांगितलं तर आत्ताच खोटं का बोललो तेही सांगावं लागलं असतं, आणि तेवढ्यात भेटीची वेळ संपली. मला वाटलं, संध्याकाळी सांगू, चित्र छापून आणून हातातच देऊ. मी घरी गेलो, लॅपटॉप उघडला, दुकानात जाऊन ते चित्र मोठ्या कागदावर छापून घेतलं. संध्याकाळी परत गेलो तर तिचा श्वास पुन्हा चढला होता आणि नर्स मला आत येऊ देईनात. दार उघडलं तोपर्यंत तिच्या घशात नळी होती आणि तिला झोपेचं औषध दिलेलं होतं.

त्यानंतर ती सहा दिवस होती. नर्स म्हणाल्या, बोलत राहा, कधी कधी ऐकू जातं. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या कानाशी वाकून एकच सांगत होतो, 'अवं, मी खोटं बोललो. लय सुंदर आला गुरू. तू बसली म्हणून आला.' नर्सना वाटलं मी त्रिशरण म्हणतो आहे, म्हणून त्या आदरानं बाजूला होऊन उभ्या राहायच्या. मी तिच्या पापण्यांकडे, बोटांकडे, ओठांच्या कडेकडे नजर लावून बसायचो, काही थरथरतं का, एवढ्यासाठी. सहा दिवसांत काहीच हललं नाही.